वर्षाची बारा चित्रं

वर्षभरात बारा महत्त्वाची छायाचित्रं हाती लागली, तर ते वर्ष चांगलं पिकलं म्हणायचं, असं अमेरिकी निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचं मत होतं. बारा, म्हणजे महिन्याला एक. हा हिशेब मांडणारा माणूस कमी काम करणारा मुळीच नव्हता. १९०२ ते १९८४ असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं आणि त्यांच्यामागे सुमारे चाळीस हजार निगेटिव्ह उरल्या. तरीही वर्षाकाठची त्यांची अपेक्षा बाराच्या पुढे गेली नाही.

डिसेंबर आला की आपल्याकडचे निसर्गछायाचित्रकारही वर्षाची निवड करायला बसतात. ताडोबातल्या दोन-तीन सफारींत मेमरी कार्डं भरून जातात. आंबोलीत पावसात, कासच्या पठारावर सप्टेंबरात, भिगवणला हिवाळ्यात काढलेले फोटो हार्ड डिस्कवर फोल्डरच्या फोल्डर पडून असतात. निवडताना मन कुठे ओढ घेतं, हे ज्याने त्याने अनुभवलेलं आहे. ज्या फोटोसाठी पहाटे तीनला उठलो, तो आवडता ठरतो. वाघीण थेट जिप्सीच्या दिशेने चालत आली, तो ‘हेड-ऑन’ आवडता ठरतो, कारण त्या क्षणी छातीत काय झालं होतं ते अजून आठवतं. सायटिंग दुर्मीळ म्हणून अंधुक फोटोही जवळचा वाटतो. यात गैर काही नाही. पण हे सगळं काढणाऱ्याला ठाऊक असतं, पाहणाऱ्याला नसतं. पाहणाऱ्यासमोर कागदाचा एक चौकोन असतो आणि त्यात जे उतरलं तेवढंच त्याच्या वाट्याला येतं.

वर्षाची निवड करणं म्हणजे आपल्या आठवणीच्या तावडीतून चित्र सोडवून घेणं, असं मला वाटतं. हे काम किती अवघड आणि किती आनंदाचं आहे, हे समजून घ्यायचं तर अ‍ॅडम्स यांचं एक वर्ष जवळून पाहावं. ते जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपणारं वर्ष नाही. १९४१ च्या शरद ऋतूत ते सुरू होतं आणि १९४२ च्या उन्हाळ्यात संपतं.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं ज्या खात्याच्या अखत्यारीत येतात, त्या इंटिरिअर खात्याचे मंत्री तेव्हा हॅरॉल्ड इकस होते. सिएरा नेवाडा पर्वतावरचं अ‍ॅडम्स यांचं १९३८ सालचं पुस्तक त्यांनी पाहिलं होतं. किंग्ज कॅन्यनला १९४० मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्या प्रयत्नांना या पुस्तकाची मोठी मदत झाली होती. वॉशिंग्टनमधल्या खात्याच्या इमारतीच्या भिंतींवर देशातल्या निसर्गाची भव्य छायाचित्रं लावायची, असं इकस यांनी ठरवलं आणि ते काम अ‍ॅडम्स यांना दिलं. मेहनताना होता दिवसाला २२ डॉलर २२ सेंट. ऑक्टोबर १९४१ मध्ये अ‍ॅडम्स आपला लहानगा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांना घेऊन गाडीने निघाले. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि १९४२ च्या मध्याला हे काम थांबलं. या प्रकल्पातली २२६ छायाचित्रं आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्या भिंतींसाठी ती काढली होती, त्या इमारतीत मोठ्या आकारातली चित्रं लागायला २०१० साल उजाडावं लागलं.

या प्रवासातलं सर्वांत गाजलेलं छायाचित्र मात्र त्या २२६ मध्ये नाही. ते काढलं त्या दिवशी अ‍ॅडम्स सरकारी कामावर नव्हते, म्हणून ते त्यांच्याकडेच राहिलं. ‘मूनराइज, हर्नांडिझ, न्यू मेक्सिको’ हे ते छायाचित्र. त्यामागची हकिकत जगभर सांगितली जाते. ती बाजूला ठेवून आधी नुसतं चित्र पाहू.

अगदी पुढे सेजची झुडपं आहेत, करडी, दाणेदार, दाट. त्यांच्यामागे मातीच्या विटांची बसकी घरं, एक छोटं चर्च आणि दफनभूमीत उभे असलेले पांढरे क्रूस. माणूस कुठेही नाही. गावाच्या पाठीमागे दूरवर बर्फ धरलेल्या डोंगरांची रांग आणि तिच्यावर ढगांचा उजळ, आडवा पट्टा. त्याच्या वर चित्राचा निम्म्याहून अधिक भाग व्यापून राहिलेलं काळं आकाश. त्या काळ्यात चंद्र. नाव चंद्रोदयाचं असलं तरी चंद्र केवढासा आहे! पूर्ण गोल व्हायला किंचित कमी. पण काळ्याचा विस्तार इतका मोठा आहे की नजर आधी तिथेच जाते.

चंद्रावरून नजर खाली उतरते ती थेट क्रुसांवर. मधले ढग उजळ आहेत, डोंगरावर बर्फ आहे, तरी नजर तिथे थांबत नाही. क्रूस चंद्रासारखेच लहान, चंद्रासारखेच पांढरे, कडा स्पष्ट असलेले. मग ती पुन्हा वर जाते. हे चढणं-उतरणं हाच या चित्राचा प्राण आहे. एका टोकाला माणसांच्या मृत्यूच्या खुणा, दुसऱ्या टोकाला माणसाशी काहीही देणंघेणं नसलेला गोल आणि मधे घरं, जिथे लोक राहतात. अ‍ॅडम्स यांनी यावर कसलंही भाष्य केलेलं नाही. त्यांनी फक्त दोन्ही टोकं एका चौकटीत धरली आहेत.

थोडं अधिक पाहिलं की प्रकाशाची दिशा कळते. क्रूस उजळलेत ते मावळत्या उन्हाने. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागे आहे, म्हणजे आपल्याही पाठीमागे. चंद्र समोरून वर आला आहे आणि तोही त्याच सूर्याच्या उजेडाने दिसतो आहे. गावातल्या लाकडी खुणांवर आणि लाखो मैल दूरच्या खडकावर एकाच दिव्याचा उजेड पडला आहे आणि तो दिवा चित्रात नाही. हे लक्षात येतं तेव्हा चित्राची खोली एकदम वाढते. आपण चित्राबाहेर उभे राहून पाहत नाही. आपणही त्या रेषेवर, सूर्य आणि चंद्र यांच्या मधे उभे आहोत.

आता हकिकत. तो दिवस अ‍ॅडम्स यांच्या दृष्टीने फारसा चांगला गेला नव्हता. चामा नदीच्या खोऱ्यात कॉटनवुड झाडाच्या एका बुंध्याशी बराच वेळ झटापट झाली आणि मनासारखं काही हाती आलं नाही. परतीच्या रस्त्यावर हर्नांडिझ गावाशी त्यांना हे दृश्य दिसलं. गाडी घाईघाईने रस्त्याच्या कडेला घेतली, आठ बाय दहा इंचांची निगेटिव्ह घेणारा अवजड कॅमेरा उभा केला. लाइट मीटर काही सापडेना. ऊन क्रुसांवरून कोणत्याही क्षणी सरकणार होतं. तेवढ्यात त्यांना आठवलं, की चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ आहे. दर चौरस फुटाला अडीचशे कॅंडल. त्या एका आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात एक्स्पोजर काढलं. फिल्टर लावून, एफ-३२ वर, एक सेकंद. एक निगेटिव्ह झाली. खबरदारी म्हणून दुसरी घ्यायला त्यांनी फिल्म-होल्डर उलटा केला, तोवर ऊन क्रुसांवरून निघून गेलं होतं.

ही हकिकत चित्राहून मोठी होऊन बसायचा धोका आहे. पण तिच्यातली एक गोष्ट चित्रात उतरली आहे आणि तीच आपल्या कामाची. एक्स्पोजर चंद्रावर बेतलेलं असल्यामुळे चंद्र पांढरा ठिपका झालेला नाही. त्याच्या अंगावरचे डाग दिसतात. चांदण्या रात्रीचा कोणताही साधा फोटो आठवून पाहा, त्यात चंद्राच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. इथे चंद्राला पृष्ठभाग आहे, म्हणून वजन आहे. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी तेव्हा नुकतीच ‘झोन सिस्टिम’ बांधली होती. ठार काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडायचे आणि दृश्यातली कोणती वस्तू कोणत्या टप्प्यावर बसवायची, हे शटर दाबण्याआधी ठरवायचं, अशी ती पद्धत. मीटर हरवलेलं असताना निभावलं ते नशिबाने नव्हे, या अभ्यासाने.

चंद्र सांभाळला, त्याची किंमत खालच्या झुडपांनी मोजली. निगेटिव्हच्या त्या भागात तपशील फार पातळ आला. छापताना तो दरवेळी त्रास देई. शेवटी १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी निगेटिव्हच्या तेवढ्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो दाट केला. आकाशाचंही तसंच. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ते पुष्कळ फिकं आहे, वर ढगांच्या पुसट रेघाही दिसतात. वर्षं गेली तसं अ‍ॅडम्स डार्करूममध्ये आकाश अधिकाधिक काळं करत गेले. ते तरुणपणी पियानोवादक होऊ पाहत होते. निगेटिव्ह म्हणजे संगीताचं लिखित रूप आणि प्रिंट म्हणजे त्याचं प्रत्यक्ष वादन, असं ते म्हणत. ‘मूनराइज’चे तेराशेहून अधिक प्रिंट त्यांनी केले. आपल्या कानांना ही गोष्ट परकी वाटायला नको. तोच राग गायक विशीत गातो आणि सत्तरीत गातो, तेव्हा आपण त्यातलं खरं कोणतं असं विचारत नाही. आकाश काळं केलं म्हणून अ‍ॅडम्स यांनी फसवणूक केली, असं मला वाटत नाही. चंद्राचं एकटेपण हा या चित्राचा गाभा आहे आणि ढगांच्या त्या पुसट रेघा त्याच्या आड येत होत्या. काय राखायचं आणि काय सोडायचं, ही निवड शटर दाबून संपली नव्हती. ती चाळीस वर्षं चालू होती.

पहिली जाहीर निवड मात्र लवकर झाली, आणि ती दुसऱ्याच्या हातून. छायाचित्रांच्या ‘यू. एस. कॅमेरा’ या वार्षिकासाठी छायाचित्रकार एडवर्ड स्टाइकन चित्रं निवडत होते. १९४३ च्या अंकासाठी त्यांनी ‘मूनराइज’ घेतलं. स्टाइकन त्या रस्त्यावर नव्हते. हरवलेलं मीटर, सरकतं ऊन, कॉटनवुडचा बुंधा यांपैकी काहीही कागदावर दिसत नव्हतं. तरी चित्र उभं राहिलं.

याला एक विलक्षण जोड आहे. अ‍ॅडम्स यांनी तारीख लिहूनच ठेवली नव्हती. कुठे १९४०, कुठे १९४१, कुठे १९४४, अशा निरनिराळ्या सालांनिशी हे चित्र छापलं गेलं. पुढे खगोलशास्त्राचा आधार घ्यावा लागला. चंद्राची जागा आणि डोंगरांच्या कडा यांवरून आधी एक तारीख काढली गेली, मग १९९१ मध्ये खगोल-अभ्यासक डेनिस डी चिको यांनी ती सुधारून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं, असं निश्चित केलं. पौर्णिमेला दोन दिवस बाकी होते. चंद्राचं तेज ज्याला आकड्यात पाठ होतं, त्याला वर्ष आठवत नव्हतं. माझ्या दृष्टीने यात निवडीची सर्वांत सुंदर कसोटी आहे. कोणत्या वर्षीचं हे विसरलं तरी ज्याचं काही बिघडत नाही, ते वर्षाचं चित्र.

त्याच प्रवासात, काही दिवस आधी, अ‍ॅडम्स अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन द शे इथे होते. ‘व्हाइट हाउस रुइन’ हे तिथलं चित्र. उभ्या चौकटीत सगळी जागा कड्याने व्यापली आहे. आकाश नाहीच. वरपासून खालपर्यंत खडकावर काळसर पट्टे उतरलेत, पावसाळ्यानंतर जुन्या वाड्याच्या भिंतीवर ओघळ दिसतात तसे. खाली, कड्याच्या एका कपारीत, प्राचीन प्वेब्लो लोकांनी बांधलेली घरं. ‘मूनराइज’मध्ये रिकाम्या काळ्याने माणसाची वस्ती लहान केली होती, इथे ते काम भरगच्च दगड करतो. घरांच्या भिंती सरळ आहेत, चौकोनी आहेत, म्हणून डोळा त्या शोधून काढतो. एवढ्या वळणावळणांच्या खडकात माणसाचा हात ओळखू येतो तो काटकोनावरून.

पण हे चित्र अगदी नवं नाही आणि हीच त्याची गंमत. टिमोथी ओसुलिव्हन या छायाचित्रकाराने १८७३ मध्ये, सरकारी सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबर असताना, हाच कडा जवळपास याच जागेवरून टिपला होता. त्या जुन्या चित्रांचा अल्बम अ‍ॅडम्स यांच्या संग्रही होता. आपण ओसुलिव्हनच्या पावलांवर उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये मित्रांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते मोठ्या आनंदाने कळवलं. कोणाही छायाचित्रकाराला पहिला मोह असतो तो कुणीच काढलं नाही असं काढण्याचा. अ‍ॅडम्स यांनी आपल्या आधीच्या माणसाची जागा स्वीकारली आणि तरी चित्र वर्षाच्या कामातून गाळलं नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हजारोंनी काढला आहे, म्हणून आपण तो काढायचा नाही, असं थोडंच आहे? प्रश्न एवढाच, की त्या जागी उभं राहून आपण स्वतः पाहिलं का.

१९४२ मधलं ‘द टिटन्स अँड द स्नेक रिव्हर’ हे या कामातलं सर्वांत दिमाखदार चित्र. वायोमिंगमधली टिटन शिखरं, त्यांच्यावर दाटलेले वादळी ढग आणि पुढे मोठी वळणं घेत जाणारी स्नेक नदी. जंगल काळोखं आहे आणि पाण्यावर आकाशाचा उजेड साचलेला आहे. वाट दाखवते ती नदी. तिच्या वळणांबरोबर नजर जंगलात शिरते, डोंगरांच्या पायथ्याशी पोहोचते आणि मग शिखरांवरून ढगांत जाते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख सांगणारी जी चित्रं अवकाशात पाठवली गेली, त्यांत हे आहे. आज त्या जागी उभं राहिलं तर हे दृश्य असं दिसत नाही. मधल्या काळात झाडं वाढली आणि नदीचं वळण बरंचसं त्यांच्याआड गेलं. डोंगर तेच आहेत, रचना मात्र त्या काळाची होती. निसर्गछायाचित्र म्हणजे न बदलणाऱ्या गोष्टींचं चित्र, हा समज इथे गळून पडतो.

या तीन मोठ्या चित्रांच्या शेजारी मी मुद्दाम एक साधं चित्र ठेवतो. माँटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात अ‍ॅडम्स यांनी कॅमेरा थेट खाली वळवला आणि पानांचा एक तुकडा टिपला. क्षितिज नाही, डोंगर नाही, ढग नाहीत. पानावर पान, त्यांच्या शिरा, एका पानाची दुसऱ्यावर पडलेली सावली. ज्या उद्यानाची ओळखच हिमनद्या आणि शिखरं, तिथे या माणसाला पायाशी थांबावंसं वाटलं. सरकारी इमारतीच्या भिंतीवर भव्य देखावे हवे आहेत हे ठाऊक असूनही हे चित्र त्यांनी कामात ठेवलं. भिंतीएवढं मोठं केलं तरी पान पानच राहील आणि ते पाहायला थांबणारा माणूस भेटेल, असा विश्वास असल्याशिवाय कोणी असं करत नाही.

ही चारही चित्रं एकमेकांशेजारी मांडली की निवडीचं मर्म हाती येतं. एकात नशिबाने दाखवलेला क्षण आहे, एकात पूर्वसुरीची जागा, एकात पुढे झाकला जाणारा देखावा, एकात कोणी वळूनही पाहिलं नसतं असा पाचोळ्याशेजारचा तुकडा. प्रत्येकावर खर्च झालेले कष्ट निरनिराळे आणि काढताना झालेला आनंदही निरनिराळा. त्यावरून त्यांची प्रतवारी लावता येत नाही. समान आहे ती एकच गोष्ट. प्रत्येक चित्रात पाहणं पुरं झालं आहे. कडेच्या झुडपापासून चंद्रावरच्या डागापर्यंत काहीही नुसतं आलं म्हणून आलेलं नाही. प्रत्येक छटेला जागा दिलेली आहे.

अ‍ॅडम्स यांनी बाराचा आकडा स्वतःही पाळला असावा, असं मला त्यांच्या कामाकडे पाहून वाटतं. १९४८ मध्ये त्यांनी मूळ प्रिंटचा एक संच काढला, गुरुस्थानी मानलेल्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या स्मृतीला अर्पण केलेला. त्यात बारा छायाचित्रं होती. उतारवयात, १९८३ मध्ये, आपल्या कामामागची कहाणी सांगणारं पुस्तक केलं तेव्हा आयुष्यभराच्या निगेटिव्हांतून त्यांनी चाळीस घेतली. ‘मूनराइज’ त्यात आहेच. चाळीस हजारांतून चाळीस निवडणाऱ्याने उरलेल्यांना तुच्छ मानलं, असं मात्र नाही. त्या उरलेल्या निगेटिव्हांनीच त्याचा हात आणि डोळा घडवला. कॉटनवुडचा तो न जमलेला बुंधाही त्यात धरायला हवा, कारण त्या दुपारी डोळा कामाला लागलेला होता म्हणून संध्याकाळी गाव दिसलं.

म्हणून यंदा वर्षाची चित्रं निवडायला बसणाऱ्या प्रत्येकाला मनापासून सांगावंसं वाटतं, की बाराच घ्या. स्क्रीनवर थांबू नका, त्यांचे प्रिंट काढा, घरात येता-जाता दिसतील अशा जागी लावा आणि जे तिथे नव्हते त्यांना दाखवा. दाखवताना हकिकत सांगू नका, त्यांची नजर कुठून कुठे जाते तेवढं पाहा. जी चित्रं तुमच्या बोलण्यावाचून बोलतील ती ठेवा, मग ती वाघाची असोत की गवताच्या पात्याची. बारा भरली नाहीत तर सात ठेवा. आकडा भरायचा म्हणून घेतलेलं आठवं चित्र आधीच्या सातांचं मोल कमी करतं, आणि सोडून दिलेलं प्रत्येक चित्र पुढच्या वर्षी जंगलात उभं राहताना डोळ्यांच्या कामी येतं.